सहापट

उमरेड रोडवरचं नवं इस्पितळ, तिसरा मजला,
ऑपरेशन थिएटरबाहेरची गल्ली. मे महिना.
कूलर आहे, कूलरला पाणी नाही.
नकाशात पुल बॉक्सच्या जागी एक चौकोन,
त्यात लिहिलंय तीनशे बाय तीनशे,
आणि नंदनवार काका त्या चौकोनाकडे बघताहेत
तापलेल्या लेकराकडे बघावं तसे.

"म्याडम, हे नाई होत."

साठ नग येऊन पडलेत काका, मी म्हणते.
"साठ येऊ द्या नाई तं सहाशे.
तार का कागद हाय, घडी घालाले?"

मग धुळीत बोटाने भिंत काढतात.
पन्नासचा पाइप, शेजारी चाळीसचा, पंचवीसचा.
तारा इथून शिरणार, वळून खालून निघणार.
मोठ्याची सहापट, तीनशे.
शेजारच्यांचे चाळीस आणि पंचवीस त्याच्यावर.
तीनशे पासष्ट, समोरच्या भिंतीपर्यंत,
त्याच्या आत काय बी नको.
आणि सरळ जात असती तर आठपट. चारशे.

इंदल उइके, हेल्पर, वय एकोणीस, विचारतो,
"सरळ जानारीले जास्त जागा काऊन?"
काका तोंडातला खर्रा गालात सरकवतात.
"मधात बाहेर काढा लागते नं तिले.
मोठा वेटोळा होते. तो वेटोळा
परत आत घालाले जागा नाई पाह्यजे?"

लांजेवार ठेकेदार फोनवर होता.
फोन न ठेवताच म्हणाला, पावडर लावा, दाबा.

लावली. दाबली.
चार पोट्टे ओढत होते, एक जण आत ढकलत होता,
बॉक्सच्या कडेशी तार गुडघा मोडून बसली.
झाकण बसेना तर इंदलने त्यावर पाय दिला.
संध्याकाळी मेगर लावला.
सुई उठलीच नाही.

परत सगळी बाहेर.
लाल तारेवर नखाएवढा ओरखडा,
त्यातून तांबं दिसत होतं, नव्या पैशासारखं.
काकांनी तेवढाच तुकडा कापला
आणि लांजेवारच्या हातात ठेवला.
बोलले काही नाहीत. चहा मागवला.

वाडीच्या पत्रेवाल्याला मी ऑर्डर दिली,
चारशे बाय चारशे, खोली दोनशे, सोळा गेज,
कडा घासून. कडा घासून हे दोनदा लिहिलं.

डबा खाताना काका पाचपावलीचं सांगू लागले.
एक खोली, दहा बाय बारा,
अर्धी खोली बापाच्या मागाने खाल्लेली.
खड्ड्याचा माग. बाप खड्ड्यात पाय सोडून
लुगडी विणायचा, आई कांड्या भरायची,
पोरं मागाखाली झोपायची, सुताच्या खाली.
बाप गेला, माग विकला, खड्डा राहिला.
वर फळी टाकून त्यावर तांदळाची कोठी.

"मांगच्या दिवाळीले पोरगी परत आली.
सासरहून. दोन पिशव्या अन् एक पोरगं घेऊन."
भाकरीचा तुकडा त्यांनी भाजीत बुडवला, खाल्ला नाही.
"काई इचारलं नाई मी तिले.
रात्री कोठी हलवली, फळी काढली,
चार घमेले रेती, दोन घमेले मुरूम. खड्डा बुजवला.
वरून फरशी. तिथं तिची खाट."
इंदल म्हणाला, काका, सहापट झाली का?
मी त्याला डोळे दाखवले.
काका हसले. "नाई बे. कुठून होते सहापट.
पन पाय लांब करून झोपते."

बॉक्स शुक्रवारी आले.
एका कडेला बर्र राहिली होती, काकांनी कानसीने काढली.
तारा शिरल्या, वळल्या,
कुणी ओढलं नाही म्हणावं इतक्या सहज.
मेगरची सुई पार वर.

झाकण लावायच्या आधी मात्र
त्यांनी हात आत घातला,
मूठ वळली, तारांच्या मधोमध,
आणि सावकाश फिरवून पाहिली.
फिरली.
"दे स्क्रू," इंदलला म्हणाले.