बसमा

अरबीत बोटाच्या ठशाला बसमा म्हणतात.
सोहारच्या बाजारात, चपलांच्या दुकानावर
माझं टायपिंग सेंटर. अर्ज, व्हिसा, दाखले.
चौकीवर दुभाषा लागला की मलाच फोन येतो,
नाहीतर सुभान होडेकर माझ्या ओळखीचा
असायचं काही कारण नव्हतं.
तो दाभोळचा, मी खाडीपलीकडच्या वेलदूरचा.

सोळा वर्षं फरशी बसवत होता.
सिमेंटनं बोटांची टोकं झालेली
टाकी लावायला आलेल्या पाट्यासारखी, गुळगुळीत.
कॅम्पच्या फाटकावर हजेरीचं यंत्र.
रोज पहाटे साडेचारला ते त्याला सांगायचं,
पुन्हा प्रयत्न करा.
तो बोट विजारीला पुसायचा,
तोंडाची वाफ द्यायचा, परत ठेवायचा.
पुन्हा प्रयत्न करा.
मागची रांग शिव्या घालायची
बंगालीत, मल्याळीत, पश्तूत.
शेवटी फोरमन कंटाळून वहीत खूण करायचा.

मग एका सोनाराच्या दुकानात चोरी झाली.
काचेवर सापडला अर्धा अंगठा.
हजारो अंगठ्यांतून संगणकानं हा काढला,
पहिल्याच फटक्यात.

तज्ज्ञ म्हणाले, नऊ ठिकाणी जुळतंय.
मी मराठीत सांगितलं, नऊ ठिकाणी जुळतंय.
सुभाननं विचारलं, कितींपैकी?
मी ते अरबीत विचारलं.
खोलीतला एसी तेवढा बोलत राहिला.

त्या रात्री कुठे होतास?
कॅम्पात. झोपलो होतो.
साक्षीदार?
आठ जण. तेपण झोपलेले.

मला वाटलं, मधे पडून सांगावं,
साहेब, रोज ह्याला ओळखायला नकार देणारं यंत्र
आणि ह्याला ओळखणारं यंत्र,
दोघांना एकदा समोरासमोर बसवा.
नाही सांगितलं.
दुभाष्याला स्वतःची जीभ नसते,
दोन असतात, त्याही भाड्याच्या.

सत्तेचाळीस दिवस.
तिसऱ्याच दिवशी कंपनीनं त्याला फरार नोंदवला.
म्हणजे एका खिडकीला कोठडीत,
दुसऱ्या खिडकीला परागंदा,
आणि दोन्हीकडे शिक्का ओला.
फरारीचा तो अर्ज मीच टाइप केला होता.
गठ्ठ्यातला एक, नाव न वाचता.
दोन रियाल घेतले.

खरा माणूस सापडला दुसऱ्या गावात,
दुसऱ्या चोरीत, ह्या चोरीच्या बांगड्यांसकट.
सुभानला पट्टा दिला, मोबाइल दिला,
पाकिटातले साडेसहा रियाल मोजून दिले.
मग एक कागद. मी वाचून दाखवला:
माझी कोणाविरुद्ध काही तक्रार नाही.
परत वाच, म्हणाला.
वाचला.
ज्यांनी जुळवलं, त्यांचं नाव आहे कुठे?
नाही.

साहेबांनी शाईचा पॅड पुढे सरकवला.
सुभान म्हणाला, मी सही करतो.
त्याचा आजा अंगठेबहाद्दर.
कुठल्याशा कागदावर एकदा अंगठा दिला
आणि चौदा कलमं गेली, मोहरासकट.
म्हणून बापानं मारून मारून
ह्याला पाटीवर सही शिकवली होती.
सही सुंदर आहे त्याची. मी पाहिली आहे,
होडेकरमधला ह वाऱ्यात शीड धरल्यासारखा.

सही चालत नाही, साहेब म्हणाले,
अगदी सभ्यपणे. बसमा.

बराच वेळ त्याचा हात खिशातून निघेना.
निघाला तेव्हा तो अंगठ्याकडे बघत होता
आपल्या घरात राहून
दुसऱ्याची चाकरी करणाऱ्या नोकराकडे बघावं तसा.
दिला.

फरारीची नोंद पुसायला कंपनीनं यायला हवं.
कंपनीनं हात झटकले.
हातावर पोट असलेल्यानं काय झटकायचं?
मी फुकट नवा अर्ज करून दिला.
भला माणूस आहेस, म्हणाला.
जुना कोणी टाइप केला होता
ते मी अजून सांगितलेलं नाही.

बाहेर टपरीवर चहा घेतला.
कप उचलण्याआधी त्यानं बोटांना
रुमाल गुंडाळला, नीट, चारही कडांनी.
गरम आहे, म्हणाला.
नव्हता.