आत सोडलेली माया

मापाच्या वहीत पहिल्यांदाच माझं नाव.
बावीस वर्षं दुसऱ्यांची छाती, कंबर, मुंढा लिहीत आले,
स्वतःचं माप हाताला पाठ होतं :
चौतीस. तीस. बाही साडेनऊ.
चैत्र लागला तर सदतीसची टेप पुरेना.

"वैजयंताताई, तब्येत सुधारली हो!"
गावभागातल्या बायका कापड मांडीवर ठेवून
माझे गाल बघतात.
मी हसते. गाल डोळ्यांपर्यंत येतात.
कुणाकुणाला सांगू, की ही गोलाई गोळ्यांची,
आणि त्याच गोळ्यांनी
मला पुन्हा सुईत दोरा ओवता येतो.
पौषात कात्री उघडत नव्हती या बोटांनी,
आंघोळीचा तांब्यासुद्धा हे भरून द्यायचे.

सकाळी आठ गोळ्या, न्याहारीनंतर.
मिरजेच्या डॉक्टरीणबाई बोट उगारून म्हणाल्या,
"वजन वाढलं म्हणून मनानं बंद करायच्या नाहीत,
एक दिवससुद्धा.
आम्ही उतरवू, पायरी पायरीनं."
पापड, लोणचं, फरसाण यांवर आडवी रेघ मारली.
भुकेबद्दल एवढंच : "ती लागणारच."

लागणारच म्हणजे काय
ते तिसऱ्या रात्री कळलं.
ही भूक पोटात नसते,
हातात असते, जबड्यात असते,
कुणी परकं माणूस घरात शिरून
डबे हुडकत फिरावं, तशी.

आमच्यात दिवस मावळला की चूल झाकायची.
लग्नाआधीपासूनचा नेम,
सुप्रभाच्या वेळेला, ओली बाळंतीण असतानाही पाळला.
आणि रात्रीचे तीन,
मी मांडणीपुढं,
बिनलसणीच्या भडंगाचा डबा काखेत,
लाईट न लावता,
चोरासारखी नाही, चोर तरी इकडंतिकडं बघतो.

हे उठून आले. दिवा लावला नाही.
शेजारी पाटावर बसले, मार्केट यार्डातला मापाडी माणूस,
जन्मभर काट्यासमोर उभा राहिलेला.
बऱ्याच वेळानं म्हणाले,
"ओली हळद काट्यावर जड भरते.
वाळली की उतरते.
माल तोच असतो."
आणि डब्यातलं मूठभर भडंग स्वतः खाल्लं,
नेम असलेल्या माणसानं.

नेम मोडला की औषध घेतलं
अजून ठरलेलं नाही.
ती तारीख वहीच्या शेवटच्या पानावर आहे, मापाशिवाय.

आता साडेपाचलाच ताट वाढते :
मुगाचं धिरडं, घट्ट वरण, काकडीच काकडी,
अळणी ताक, ज्याची चव
पहिले आठ दिवस भिंतीसारखी लागली.
मग दोघं घाटापर्यंत जाऊन येतो.
कृष्णेकडं मी बघत नाही,
पायरीवर शेंगा भाजणाऱ्याकडं बघत नाही,
म्हणजे बघतेच.
भडंगाचा डबा यांनी माळ्यावर ठेवलाय.
शिडी कुठं आहे ते मला माहीत आहे,
हे त्यांनाही माहीत आहे.
काही रात्री मी पाणी पिऊन झोपते.
काही रात्री शिडी.

काल दुपारी माझे सगळे झंपर काढून बसले, उसवायला.
गिऱ्हाइकांना मी दोन बोटं माया सोडते,
बायका कुरकुरतात, कशाला एवढं कापड आत?
मी म्हणते, असू द्या, अंग काय एकसारखं राहतं?
स्वतःचे मात्र उलटून बघितले
तर शिलाईला चिकटून कापलेले.
एकालाही सोडायला काही नाही.

म्हणून नवीन कापड आणलं, हळदी रंगाचं.
सदतीसवर बेतलं, आणि बाजूला
तीन-तीन बोटं माया, बिनहिशेबी.
बाही ढगळ. गळा जरा मोठा,
गोल चेहऱ्याला बरा दिसतो म्हणून. हो, बघितलं आरशात.

सोमवारपासून सात गोळ्या.
बाजूची टीप
सध्या कच्चीच घातली आहे.