इतिवृत्त

माँटपीलियर, जानेवारी. बाहेर बर्फ गुडघाभर,
आत नव्या सदस्यांच्या हातात
समित्यांच्या चिठ्ठ्या.

ओडेट तुगास, गुरांची डॉक्टर.
तिनं मागितली होती शेती,
मिळाले तुरुंग.
'असू दे,' म्हणाली, आणि ओले बूट
हीटरखाली सरकवून
टेबलाच्या टोकाच्या खुर्चीत बसली.

वर सभागृहात भाषणं होतात.
इथे अकरा खुर्च्या, एक गळका थर्मास,
आणि कलम चारमधल्या एका 'किंवा'वर
खर्ची पडलेल्या दोन दुपारी.

मार्चमध्ये बायकांच्या तुरुंगाचे फोटो आले.
अधिकारी आकडे वाचत होता: छप्पर, बॉयलर, रंग.
तिनं एक फोटो उचलून डोळ्यांजवळ धरला.
'ही फरशी ओली आहे. उतार भिंतीकडे.
अशा जमिनीवर गाभण गाय बसत नाही,
उभ्यानं रात्र काढते.'

कोणी हसलं नाही.
अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं.

मी कारकून. मी लिहिलं:
'सदस्यांनी निचऱ्याबाबत विचारणा केली.'

विधेयक छापून आलं तेव्हा
पान नऊवर एक ओळ वाढली होती,
चाळीस हजार डॉलर, फरशीसाठी.
तिचं नाव कुठेच नाही.
गाईचंही.