अर्जदाराचं वय

मठाचा ताबा घेतला त्या दिवशी
पंचनामा मीच लिहिला होता:
घंटा दोन, पैकी एक तडा गेलेली,
समया चार, घोंगड्या सात, हिशेबाच्या वह्या चौदा,
पांझरेकाठची जमीन एकशे बारा एकर तेरा गुंठे,
पैकी पाटाखाली चाळीस.
धुनीतली राख कोणत्या मापात धरायची
हे परिपत्रकात नव्हतं.
ती मी 'इतर'मध्ये टाकली.

तीन वर्षांनी आज
भामरे साहेब, प्रशासक, अतिरिक्त कार्यभार,
आणि त्यांच्या मागे फाइल पोटाशी धरून मी
साक्रीला बँकेच्या बाकावर बसलोय,
टोकन नंबर नऊ.
कारण: पाटातला गाळ काढणे,
सांडव्याची डागडुजी, तीन फडांना नव्या चाऱ्या.
रुपये अठरा लाख चाळीस हजार फक्त.
'फक्त'वर साहेबांनी घसा खाकरला.

निकुंभ बाईंनी चष्मा कपाळावर चढवला.
अर्जदार कोण?
सातबाऱ्यावर श्री दत्त महाराज,
वहिवाटदार महंत हिरापुरी गुरू लालपुरी, मयत.
महाराजांचं वय?
साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी फाइलीकडे.
देव कायद्यानं अज्ञान असतो, मॅडम.
किती वर्षांपर्यंत?
कायमचा.
त्यांनी रकान्यात लिहिलं: अज्ञान. पालक: सरकार.
मग पेन थांबलं.
पालकाला कोण जामीन राहणार?

पंखा तेवढा बोलत राहिला.

मला ती अकरावी वही आठवली,
वाळवीनं अर्धी नेलेली, मोडीतली.
लागायला दोन रविवार गेले होते.
शके सतराशे सत्त्याण्णव, पौष वद्य पंचमी,
कचेरीस हातउसने रुपये तीनशे,
साऱ्याचा भरणा कमी पडला सबब.
पुढे रकाना कोरा.
पुढच्या वहीत तीच रक्कम, तेच शब्द: येणे बाकी.
त्याच्याही पुढच्या वहीत.
मग महंतांनी ओढणंच सोडलं असावं,
किंवा शाई संपली.

सांगितलं नाही.
पंचनाम्यात वह्यांची संख्या आहे, मजकूर नाही,
आणि माझी निवृत्ती सतरा महिन्यांवर.

प्रकरण परत आलं,
'त्रुटीपूर्ततेसाठी', लाल पेन्सिलीत.
साहेब जीपमध्ये म्हणाले,
ह्या महंताला बरं कोणी न विचारता पैसे द्यायचं.
मी काच खाली केली.

बंधाऱ्यापाशी झिपा पाटकरी
गुडघ्याएवढ्या गाळात उभा,
फावड्याचा दांडा तारेनं बांधलेला.
पगार तीन वर्षं त्याचा 'विचाराधीन'.
"पानी शे साहेब," तो म्हणाला,
"वाट बुजी गई शे."
मग मलाच हळू विचारलं, मंजूर व्हयनं का?
पालकाची सही राहिलीय, मी म्हणालो.

त्यानं मठाच्या कळसाकडे पाहिलं,
मग जीपकडे, मग माझ्या चपलांकडे.
"मंग मी काढस, व्हई तितला."

फावडं आत गेलं.
काळा गाळ काठावर पडला तेव्हा
त्यात राखेसारखं काही होतं का
हे मी वाकून पाहिलं.
कुठं नोंदवणार होतो?