पायरी

सुरमीशी करार झाला तेव्हा कागद नव्हता.
वडिलांच्या काळी याच गणपती पेठेत हळदीचा सौदा
रुमालाखाली बोटं दाबून व्हायचा,
तसाच.
रात्री नऊपासून पायरी तिची,
सकाळी सातला माझी.
भाडं नाही, पगार नाही.
तिनं कुलपाकडं बघायचं
आणि मी तिच्याकडं बघायचं नाही.

सहा वर्षं चाललं.
कृष्णा पेठेत शिरली त्या रात्री
दार बडवलं ते तिनंच.
तिनं आणि पोरानं वह्या माडीवर नेल्या,
मग पोती, निघतील तेवढी,
दोघंही कमरेपर्यंत पिवळे.
सरकारी होडी तिसऱ्या दिवशी आली,
पंचनामे त्यानंतर.
यादीत सुरमी नव्हती.
ज्याला घर नाही त्याचं घर बुडत नाही,
तलाठ्याचं काही चुकलं नाही.

पोराचं नाव फौजदार.
पारध्यांत ठेवतात अशी नावं.
निदान एक फौजदार तरी
हाक मारली की येतो.

गेल्या महिन्यात मागच्या बोळात मोबाइलचं दुकान फुटलं.
खांबावरचा कॅमेरा पुरापासून आंधळा आहे,
पण कॅमेरा लागतो कशाला?
पायरी दिसत होती.
पहाटे फौजदाराला
फौजदारानं नेलं.

मी ठाण्यात गेलो.
म्हटलं, पोरगं रात्रभर माझ्या दारात होतं.
साहेबांनी चहा मागवला.
"मगदूम शेठ, तुम्ही तर झोपला होता. तुम्हाला कसं ठाऊक?"
खरं होतं. झोपलो होतो.
तो जागा होता म्हणून झोपलो होतो.
हे वाक्य जबाबात कुठं बसेना.

चौथ्या दिवशी दोन गोष्टी आल्या.
पोरगं, लंगडत.
आणि महापालिकेची नोटीस, माझ्या नावानं:
आपण आपल्या मिळकतीच्या दर्शनी भागात
विनापरवाना वास्तव्यास मुभा दिल्याचे निदर्शनास आले आहे.
पायरी उचलायला जेसीबी आला,
बरोबर सहा माणसं, दोन शिपाई.
चोर शोधायला माणूसबळ कमी आहे, असं साहेब म्हणाले होते.
निवारा केंद्रात जा, असं तिला सांगितलं.
तिथं आधार लागतं,
आधारला पत्ता लागतो,
आणि पत्ता
आत्ताच जेसीबीच्या दातात होता.

संध्याकाळी बाबगोंडाच्या अडतीवर मी तापलो.
घरपट्टी भरतो, दिवाबत्ती भरतो,
माझ्या दगडावर कोण झोपणार
हे विचारणारे हे कोण?
सरकारनं हात काढून घ्यावा, बास.
बाबगोंडा अडकित्त्यानं सुपारी कातरत म्हणाला,
"काढतील की.
पाठीवरचा आधी काढतील.
मानेवरचा राहू देतील."

मी उत्तर शोधतच घरी आलो,
तर सुरमी उभी, उखडलेल्या मातीत.
मला वाटलं, पोराच्या औषधाला पैसे मागेल.
म्हणाली, "शेठ, एक कागद द्या.
ही बाई माझ्या इथं राहते,
एवढंच लिवा. खाली सही."

पेन खिशात होतं.
टोपणसुद्धा काढलं.
मग आठवला भाडेकरूचा कायदा,
आठवला थोरला मुलगा, त्याचा वकील,
सहा वर्षांचा ताबा,
उद्या हिनं हक्क सांगितला तर.
म्हटलं, "तुझ्या-माझ्यात कागद कशाला, सुरमे?
शब्द आहे की."
तिनं माझ्याकडं बघितलं.
तसं ती ठाण्यातल्या माणसांकडं बघत असणार.
शब्द माझा होता,
दगड माझा,
दंडाची पावतीसुद्धा माझ्याच नावची.
तिच्या नावावर काय होतं
ते मी कधी मोजलं नव्हतं,
मी, ज्याला पेठेत
तोळ्याचीही चूक चालत नाही.

आता साडेनऊ झालेत.
पायरीच्या जागी खड्डा आहे,
त्यात कुणाचं तरी मांजर.
मिरजेच्या बाजूनं गाडीची शिट्टी येते.
ती तिकडं गेली म्हणतात, जंक्शनवर,
तिथल्या फलाटाला अजून
कुणाचं नाव नाही.
मी माडीवरून कुलपाकडं बघतोय.
झोप येत नाही.
पेन उघडंच राहिलंय कुठंतरी,
खिशाला डाग पडलाय.