हीटर बंद

वेलफ्लीट ते क्विन्सी, दोन तास,
ओदिलिया फुर्तादो हीटर लावत नाही.
मागच्या सीटांवर केळ्यांची सहा खोकी,
प्रत्येकात समुद्राने किनाऱ्यावर टाकलेलं एक कासव,
गारठून दगड झालेलं,
पाठीवर खडूने आकडा.

"घाईने ऊब दिली तर मरतात,"
पहिल्याच दिवशी बजावलं होतं तिला.
एकतीस वर्षं शाळेची बस चालवली,
पाठीमागे एवढी शांतता
कधीच नव्हती.

दोन स्वेटर, गेलेल्या नवऱ्याची कानटोपी,
तरी बोटं स्टिअरिंगला चिकटलेली.
रेडिओसुद्धा बंद.

पुलाचा चढ लागतो
आणि एकशे बाराच्या खोक्यात
पुठ्ठ्यावर नख घासल्याचा आवाज.

जुन्या सवयीने ती आरशात बघते,
दरडावते:
"कोण उठलं रे?
जागेवर बस."