एक पाय

तुर्भ्याला रंगाच्या कारखान्याच्या भिंतीला लागून आमची लॅब.
खिडकी उघडली की टर्पेंटाईन,
नाही उघडली की आम्हीच.

प्रत्येकीचा एक पाय काढायचा. मागचा, उजवा.
चिमट्याचं टोक जाळून घ्यायचं, मग पुढची.
पंच्याण्णव पाय पंच्याण्णव खळग्यांत,
शहाण्णवावा रिकामा.
त्यातून काही वाचता आलं
तर समजायचं, आपण कुठेतरी खोटे.

तिळाएवढी गांधीलमाशी. काळी, पोटाखाली तांबूस.
सुरवंटाच्या अंगात अंडी घालते;
पिल्लं त्याला आतून खातात, जिवंत ठेवून, सावकाश.
अकरा वर्षं मी तिच्याखाली एकच नाव लिहिलं.
माझं अक्षर चांगलं आहे, असं सगळे म्हणतात.

काल पडद्यावर त्या नावाला फांद्या फुटल्या.
सातवर मी मोजायची थांबले.
भिंगाखाली साती जणी तशाच, केसाचाही फरक नाही;
फक्त साडेसहाशे अक्षरांच्या एका ओळीत
इथे टी, तिथे सी,
आणि लाखो वर्षं एकमेकींशी बोलणं नाही.

लाडक्या वरठाने सांगितलं होतं.
येऊरला, पाटोणपाड्यामागच्या ओढ्यावर.
सुरवंट पाळायचा तो, पानासकट, काडेपेट्यांत,
माशा बाहेर पडल्या की आणून द्यायचा.
"ही कुड्यावरची, बाई. ही कुंभ्यावरची.
कुंभ्यावाली उडताना आधी डावीकडे वळते."
मी हसले. शेवटची बस चुकली असती.
सगळ्या पेट्या एकाच बाटलीत उपड्या केल्या.
त्याने पेट्या तेवढ्या परत मागितल्या.
चांगल्या आहेत, म्हणाला.

आता तो घोडबंदर रोडला कुठल्याशा टॉवरच्या गेटवर असतो,
येणाऱ्या गाड्यांचे नंबर वहीत उतरवतो.
फोन केला. मागे शिट्टी, रिव्हर्स घेणारा टेम्पो.
"सात?" म्हणाला. "मला पाचच ठाऊक होत्या."
मग बराच वेळ नुसता टेम्पो.
"बाकीच्या दोन कुठल्या झाडावर?"

ते मला माहीत नाही.
बाटलीत झाड उरत नाही.

ट्रेमध्ये, टाचणीवर, त्या पाच पायांनिशी आहेत.
मी नव्या चिठ्ठ्या कापल्या. नावाची जागा कोरी ठेवली.
खाली, बारीक अक्षरात:
झाड – लाडक्याला विचारणे.
सुट्टी मंगळवारी. काडेपेट्या नेणे.